उघडलेल्या सोड्याचा गॅस जातो कुठे, आणि तो धरून कसा ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: दोन लिटरची सोड्याची बाटली उघडली, निम्मी संपवली, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडा सपक. बाटली चेपून हवा काढून पाहिली, उलटी ठेवून पाहिली, हवा भरायचं पंपाचं झाकणही आणून पाहिलं. यातलं खरं काय, आणि करायचं तरी काय?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. झाकण नीट लागलं असेल तर तुमचा गॅस बाटलीबाहेर गेलेलाच नाही. तो सोड्यातून निघून बाटलीतल्याच रिकाम्या जागेत जाऊन बसला आणि तुम्ही पुढच्या वेळी झाकण फिरवलंत तेव्हा ‘फुस्स’ करून निघून गेला. म्हणून लढाई झाकणाशी कमी आणि त्या रिकाम्या जागेशी जास्त आहे. उरलेला सोडा लगेच लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून गार ठेवला, तर तो दुसऱ्या दिवशीही चुणचुणीत लागतो. बाकी बहुतेक युक्त्या या एका गोष्टीला हातच लावत नाहीत.

माझी बरीच वर्षं शीतपेयं भरणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. तिथे गॅस मोजायची एक साधी पद्धत असते. ती सांगतो, कारण तुमच्या फ्रीजमध्ये रात्रभरात जे घडतं तेच तिथे मिनिटाभरात डोळ्यांसमोर घडतं. लाइनवरून उचललेली बाटली चौकटीत घट्ट बसवायची, झाकणातून एक पोकळ सुई आरपार घालायची. सुईला दाब दाखवणारं गेज जोडलेलं असतं. पहिल्यांदा व्हॉल्व्ह किंचित उघडून वरच्या जागेतला गॅस सोडून द्यायचा, काटा शून्यावर आला की व्हॉल्व्ह बंद करायचा. मग बाटली जोरजोरात हलवायची. शून्यावरचा काटा सरसर वर चढतो आणि एका जागी थांबतो. कितीही हलवा, पुढे जात नाही. तो दाब आणि पेयाचं तापमान तक्त्यात बघितलं की पेयात किती गॅस आहे ते कळतं. आता पुन्हा व्हॉल्व्ह उघडून वरचा गॅस सोडा आणि पुन्हा हलवा. काटा परत चढतो, पण आधीपेक्षा खाली थांबतो. तिसऱ्यांदा त्याहून खाली. नवीन माणूस आला की मी त्याला हे तीनदा करून दाखवायचो. बाटली उघडण्याची किंमत काय असते ते काट्याकडे बघून एकदम डोक्यात शिरतं.

काटा थांबतो तो का? इंग्लंडच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम इथे लागू होतो: ठरावीक तापमानाला द्रवात किती वायू विरघळून राहील ते द्रवाच्या वर त्याच वायूचा किती दाब आहे त्यावर ठरतं. ‘त्याच वायूचा’ हे शब्द लक्षात ठेवा, पंपाची गोष्ट आली की ते पुन्हा लागतील. उघड्या ग्लासवर असलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. म्हणून उघडा सोडा जवळजवळ सगळा गॅस टाकून देतो, फक्त वेळ लागतो. बंद बाटलीत मात्र निघालेला गॅस वरच साठतो, त्याचा दाब वाढत जातो, आणि एका क्षणी जितका बाहेर पडतो तितकाच परत आत विरघळतो. तिथे हिशेब मिटला.

कोला-जातीच्या पेयात कारखान्यात साधारण साडेतीन ते चार ‘व्हॉल्यूम’ गॅस भरतात. म्हणजे एक लिटर पेयात साडेतीन-चार लिटर गॅस, वजनात सात-आठ ग्रॅम. आता तुमची बाटली घेऊ. एक लिटर सोडा, वर एक लिटर मोकळी जागा, फ्रीजचं तापमान ४ अंश. या तापमानाला मोकळ्या जागेतल्या प्रत्येक लिटरमागे जितका गॅस असतो त्याच्या साधारण दीडपट गॅस तितक्याच सोड्यात राहतो. म्हणजे ढोबळमानाने ६० टक्के सोड्यात राहिला आणि ४० टक्के वर गेला. बाटली उघडली की ते ४० टक्के गेले. एक घोट घेऊन परत बंद केली आणि रात्रभर ठेवली, तर साठाचे साठ टक्के, म्हणजे मुळातल्या ३६ टक्क्यांवर याल. पाऊण भरलेल्या बाटलीत हाच हिशेब केला तर ८० टक्क्यांच्या थोडा वरच गॅस सोड्यात राहतो. पाव भरलेल्या बाटलीत मात्र फक्त एक तृतीयांश. मोठ्या बाटलीचा शेवटचा पाव भाग नेहमी मिळमिळीत का लागतो, ते यात आलं. आणि हे सगळं झाकण शंभर नंबरी असताना.

या आकड्यांत तापमान किती खेळ करतं तेही बघा. वर शुद्ध कार्बन डायऑक्साइड एका वातावरणाच्या दाबाला असेल, तर एक लिटर पाण्यात ० अंशाला सुमारे ३.३ ग्रॅम गॅस मावतो, २० अंशाला सुमारे १.७ ग्रॅम. निम्मा! तीच अर्धी बाटली ३० अंशाच्या खोलीत ठेवली तर सोड्यात ६० ऐवजी ४२-४३ टक्केच गॅस उरतो. म्हणून बाटली उघडण्याआधीच पूर्ण गार असली पाहिजे. वरवर गार लागते पण आतून कोमट आहे, अशी बाटली उघडली की जो फेस उसळतो तो सगळा तुमचा गॅस असतो. घाईत बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, फ्रीजपेक्षा खूप लवकर गार होते. पण फ्रीझरमध्ये विसरू नका. पाणी गोठताना गॅसला आपल्यात जागा देत नाही, तो उरलेल्या द्रवात ढकलला जातो, बर्फ फुगतो, दाब चढतो. काचेची बाटली फुटते, कॅन फाटतो, आणि प्लॅस्टिकची बाटली वाचली तरी वितळल्यावर तो सोडा पार उतरलेला असतो.

आता तुम्ही करून पाहिलेल्या युक्त्या एकेक करून.

बाटली चेपून झाकण लावणं. वाटतं असं की मोकळी जागाच संपवली, मग गॅस जाणार कुठे? पण सकाळी फ्रीज उघडून त्या बाटलीकडे नीट बघा. ती परत गोल झालेली असते. तिला फुगवलं कोणी? सोड्यातून निघालेल्या गॅसनेच. भिंत नरम, आतून दाब, त्यामुळे बाटली मूळ आकाराला येईपर्यंत गॅस निघत राहतो, आणि शेवटी मोकळी जागा होती तेवढीच होते. उलट चेपलेली प्लॅस्टिकची भिंत स्वतःहून बाहेर यायला बघते, त्यामुळे सुरुवातीला आत दाब कमी पडतो आणि गॅस आणखी घाईने सुटतो. चेपलेली बाटली पट्ट्याने करकचून आवळून तिला फुगूच दिलं नाही, तर फायदा होईल, हे खरं. पण तेवढा खटाटोप करण्यापेक्षा लहान बाटली सोपी.

पंपाचं झाकण. याबद्दल मला जरा तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण ते बघणाऱ्याची अगदी प्रामाणिकपणे समजूत घालतं. दहा-वीसदा पंप दाबला की बाटली दगडासारखी टणक होते, उघडताना झकास आवाज येतो, माणूस खूश. पण तुम्ही आत भरलीत ती साधी हवा. हेन्रींच्या नियमातले ते शब्द आठवा: त्याच वायूचा दाब. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड द्रवात थांबत नाही. त्याला वर त्याचाच सोबती लागतो. एक गोष्ट मात्र पंपाच्या बाजूने सांगायला हवी: आतला एकूण दाब जास्त असेपर्यंत द्रवात बुडबुडे उठत नाहीत, गॅस फक्त पृष्ठभागातून हळूहळू निघतो, त्यामुळे वेग मंदावतो. तासाभराच्या मेजवानीत त्याचा थोडा उपयोग होईल. रात्रभर ठेवलं तर हिशेब तिथेच येऊन थांबतो जिथे साध्या झाकणाने थांबला असता. आम्ही एकदा एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या निम्म्या ओतून, एक पंपाने आणि एक साध्या झाकणाने बंद करून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवल्या. उघडताना पंपवाल्या बाटलीचा आवाज कितीतरी मोठा होता. चव घेणाऱ्यांपैकी एकालाही कोणता ग्लास कोणता ते सांगता आलं नाही.

उलटी ठेवणं. मोकळी जागा वरून खाली आली नाही की कमी झाली नाही. ती आता बुडाशी आहे, इतकंच. शिवाय उलटीची सुलटी करताना सोडा ढवळला जातो. पण उलटी करण्याचा एक खरा उपयोग आहे, तो तपासणीचा. झाकण लावल्यावर बाटली क्षणभर आडवी-उलटी धरा आणि झाकणाखालच्या कडेला बोट फिरवा. ओलं लागलं तर झाकण गळतंय. याहून बारीक गळती शोधायची असेल तर बाटलीचं तोंड पाण्याच्या भांड्यात बुडवा. आट्यांमधून बुडबुड्यांची माळ सुटत राहिली तर झाकण बदला. (पहिले दोन-चार बुडबुडे आट्यांत अडकलेल्या हवेचे असतात, ते सोडून द्या.)

बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवणं, हेही काही लोक मनापासून सांगतात. चमच्याने काहीही होत नाही. सोडा टिकला असं वाटलं असेल तर ते फ्रीजच्या गारव्यामुळे.

झाकणाबद्दल एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. गोड पेय ओतलं की बाटलीच्या तोंडाच्या कडेवर एक थेंब राहतो, तो वाळतो, आणि त्याचा चिकट-खरखरीत थर झाकणाच्या आतल्या कड्याला टेकू देत नाही. ओतून झालं की ओल्या स्वच्छ कापडाने तोंडाची कड पुसा, मग झाकण लावा, आणि थांबेल तिथून थोडं अधिक जोर देऊन फिरवा. प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटलीच्या आट्यांकडे कधी जवळून बघितलंत तर त्या सलग नसतात, त्यांत उभ्या खाचा दिसतील. झाकण पूर्ण निघण्याआधी आतला गॅस त्या खाचांतून निसटून जावा, झाकण उडून डोळ्यात जाऊ नये, म्हणून त्या ठेवलेल्या असतात. अर्थात, झाकण अर्धवट सैल राहिलं की त्याच वाटेने गॅस आरामात बाहेर पडतो.

आता काय करायचं ते. मोठी बाटली उघडल्यावर, आज सगळी संपणार नाही हे माहीत असेल, तर उरलेला भाग त्याच क्षणी लहान बाटल्यांत भरा. सगळ्यांचे ग्लास भरून, गप्पा मारून, तासाभराने नाही. लहान बाटल्याही सोड्याच्याच रिकाम्या बाटल्या हव्यात. पाण्याच्या पातळ बाटल्या या दाबासाठी केलेल्याच नसतात. ओळखायची खूण तळाशी आहे: सोड्याच्या बाटलीचा तळ बहुतेक पाच पाकळ्यांचा असतो. हाताला लागणाऱ्या त्या पाच पायांच्या आकारामुळे तळ दाबाने बाहेर फुगत नाही. चार व्हॉल्यूमचं पेय २० अंशाला असताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण साडेतीन वातावरणांनी जास्त असतो, मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याहून अधिक. त्यामुळे जॅमच्या, सॉसच्या किंवा दुधाच्या काचेच्या बाटलीत सोडा भरून घट्ट बंद करण्याचा विचारही करू नका.

भरायची पद्धत अशी. लहान बाटल्या आधी फ्रीजमध्ये गार करा. भरण्याआधी गार पाण्याने विसळा आणि ओल्याच ठेवा. कोरड्या भिंतीवर हवेचे सूक्ष्म कप्पे चिकटलेले असतात आणि बुडबुडे नेमके तिथेच जन्म घेतात. लहान बाटली तिरपी धरा, मोठीचं तोंड तिच्या तोंडाला अलगद टेकवा आणि धार भिंतीवरून खाली सरकू द्या. नरसाळं शक्यतो नको, त्यातून धार गुडगुडत हवा घेऊन पडते. घाई नको. फेस आला तर थांबा, तो बसू द्या, मग पुढे. भरत भरत गळ्यापर्यंत आणा, पण तोंडोतोंड नको, वर बोटभर जागा ठेवा. सोडा कोमट झाला की थोडा पसरतो, आणि वर गॅसची गादीच नसेल तर दाब एकदम चढतो. ओतताना थोडा गॅस जातो हे मी नाकारत नाही. पण तो एकदाच जातो, आणि अर्ध्या रिकाम्या बाटलीत रोज जाणाऱ्या गॅसपेक्षा पुष्कळ कमी असतो.

भरल्यावर बाटली फ्रीजच्या आतल्या फळीवर मागे ठेवा, दारात नाही. दार दिवसातून वीसदा उघडतं, प्रत्येक वेळी बाटली हिसका खाते आणि उबदार हवाही तिलाच आधी लागते. उघडण्याआधी बाटली हिंदकळली असेल तर दोन-चार मिनिटं शांत उभी ठेवा, भिंतीला चिकटलेले बुडबुडे वर निघून जाऊ द्या. झाकण हळू फिरवा. ‘फुस्स’ हळू केलं काय आणि जोरात केलं काय, वरच्या जागेतला गॅस तेवढाच जातो. पण दाब एकदम उतरला तर द्रवातूनही फेस उसळतो, तो नुकसान वाढवतो. फेस वर चढताना दिसला तर झाकण ताबडतोब परत आवळा.

बाटलीला तोंड लावून पिऊ नका. स्वच्छतेचा भाग आहेच, पण तोंडातले अन्नाचे कण आत जातात आणि प्रत्येक कण बुडबुड्यांचं बीज ठरतो. ग्लासचंही तसंच. कापडाने पुसून कोरडा केलेला ग्लास धाग्यांनी भरलेला असतो, त्यात सोडा ओतला की उसळतो. विसळलेल्या ओल्या ग्लासात तोच सोडा शांतपणे भरतो. बर्फ घालायचा असेल तर आधी ग्लासात बर्फ आणि थोडं गार पाणी घाला, फिरवा, पाणी ओतून टाका. बर्फाचा खरखरीतपणा जातो, मग सोडा ओता. साखर नसलेली ‘डाएट’ पेयं जास्त फेसाळतात, तिथे हात आणखी सावकाश.

कॅन उघडला की परत बंद होत नाही. वर बसवायची प्लॅस्टिकची टोपी मिळते, पण दाब धरून ठेवणारी मी तरी पाहिली नाही. उरलेला सोडा लहान बाटलीत भरणं हेच खरं. काचेच्या बाटलीच्या दातेरी पत्र्याच्या बुचाचं पेटंट विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि ते आजही उत्तम आहे, पण एकदा वाकवून काढलं की संपलं. अशा बाटलीसाठी तोंडाखालच्या कडेत अडकणारं, रबर असलेलं, पकडीचं बूच घ्या. नुसतं आत खुपसायचं रबरी बूच दाबाने उडतं. गोटीच्या बाटलीची मला अजून मौज वाटते. हायरम कॉड यांची ही १८७० च्या दशकातली कल्पना: गोटीला वर रबराच्या कड्यावर दाबून धरणारा आतला गॅसच असतो. पण थोडा सोडा प्यायल्यावर दाब पडतो आणि गोटी खाली येते, म्हणून ती उघडल्यावर साठवायच्या कामाची नाही.

एक विचाराल: गॅस गेला की चवच का बदलते, फक्त बुडबुडे कमी व्हायला हवेत ना? विरघळलेल्या गॅसचा थोडासा अंश पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल होतो. जिभेला जी आंबूस चुणचुण लागते ती मुख्यतः त्या आम्लाची, बुडबुड्यांच्या स्पर्शाची नंतर. म्हणून साधा सोडा उतरला की पाणचट लागतो आणि गोड पेय उतरलं की एकदम चिकट गोड. साखर तेवढीच असते, तिला तोलणारी धार गेलेली असते.

उतरलेला सोडा परत आणायचा एकच खरा मार्ग आहे: वर पुन्हा कार्बन डायऑक्साइडचाच दाब देणं. घरगुती सोडा मशीन आणि सायफन (तोटीची जाड बाटली, जिच्यात या गॅसचं छोटं काडतूस घालतात) हेच करतात. सायफनची खुबी अशी की सोडा नळीतून बुडाकडून वर चढून बाहेर येतो, झाकण उघडावंच लागत नाही, त्यामुळे वरचा गॅस जागच्या जागी राहतो. सोडा रोज थोडा थोडाच लागणाऱ्या घरात मी तोच सुचवेन. एक लिटरच्या सायफनला आठ ग्रॅमचं एक काडतूस लागतं. पाणी फ्रीजमधलं गार घ्या, भरल्यावर जोरात हलवा आणि फ्रीजमध्येच ठेवा. मशीनमध्ये मात्र साधं पाणीच भरा. गोड पेय आत घातलंत तर फेस थेट यंत्रात चढतो.

आणि कोरड्या बर्फाचा खडा टाकून बाटली बंद करायचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. कोरडा बर्फ म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड. बंद बाटलीत त्याचा वायू होत राहतो आणि दाब बाटली फुटेपर्यंत चढतो. सोड्याच्या जाड बाटलीचाही त्यात अक्षरशः स्फोट होतो.